थोरल्या वहिनीच्या अकरा चाली

शिंपीकाकांचं बोट जसं कापडावर फिरे तसंच तारेवर, असं गल्लीतले लोक म्हणत. दिवसभर मशीन आणि संध्याकाळी दुकानाची फळी लावली, की मांडीवर ते लांब मानेचं, चार तारांचं जुनं वाद्य. तसं वाद्य बनवणारा कारागीर आता उरलाच नव्हता. त्यावर नखीने छेडायच्या जुन्या अकरा चाली फक्त काकांनाच येतात, अशी सगळ्यांची समजूत.

एके दिवशी वस्तुसंग्रहालयाच्या बाई त्या चाली रेकॉर्ड करायला आल्या. काकांनी अकराही वाजवल्या.

"शिकलात कुणाकडून?" बाईंनी विचारलं.

पलीकडेच थोरली वहिनी शर्टाची काजं करत बसली होती. काकांचा थोरला भाऊ वारल्यापासून काजं-बटणं तीच सांभाळायची. वाद्य तिच्या माहेरचं, चालीही तिच्याच. काका नऊ वर्षांचे असताना तिनेच त्यांचं बोट धरून तारेवर ठेवलं होतं. पण त्या शिकल्यासवरल्या बाईंसमोर काजं करणारीचं नाव घ्यायला काकांची जीभ रेटेना.

"वडिलांकडून," ते बोलून गेले. "आमच्या घराण्यातच आहे."

वडिलांना धड टाळीही तालात वाजवता येत नसे. वहिनीने दाताने दोरा तोडला आणि पुढचं काज घेतलं.

संग्रहालयात फोटोखाली 'वडिलोपार्जित कला' अशी पाटी लागली. गिऱ्हाइकं कौतुक करत आणि काकांना मेल्याहून मेल्यासारखं होई. पूर्वी सूर घसरला की वहिनी आतून "अं हं!" करायची. आता ती चकार शब्द काढेना.

महिन्याने काका तिच्यापुढे उभे राहिले. "वहिनी, चुकलं माझं."

"चौथ्या चालीत चुकलं. दोनदा," मान वर न करता ती म्हणाली. "बाकीचं तुझं तू बघ, बाबा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दुकान बंद करून काका संग्रहालयात गेले. "मी खोटं बोललो," त्यांनी बाईंना सांगितलं. "चाली माझ्या थोरल्या वहिनीच्या. तिनेच मला शिकवल्या."

पाटी बदलली. ती बघायला वहिनी काही गेली नाही. "माझ्या चाली मला ठाऊक आहेत," एवढंच म्हणाली.

अजूनही कुणीतरी दुकानात विचारतं, "म्हणजे, वडील वाजवत नव्हते?"

"नाही. मीच खोटं सांगितलं होतं," काका म्हणतात, आणि वहिनीच्या देखत दरवेळी त्यांचे कान लाल होतात.