शेवटची चार मिनिटं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते साचतात. घरात दुसऱ्यांचे प्लास्टिकचे डबे साचतात ना, तसे. कुठल्या तरी पॉटलकहून, म्हणजे ज्यानं त्यानं आपला पदार्थ आणायच्या जेवणाहून, आलेला डबा परत द्यायचा राहून जातो, आणि वर्षभरानं कपाट उघडलं की अंगावर आठ डबे! झाकणं कुणाचीच कुणाला बसत नाहीत.

आमच्या सिनेमा-रविवारचं तसंच झालंय. महिन्यातून एकदा दुपारी लंडनजवळच्या स्लाऊमधला कम्युनिटी हॉल घ्यायचा, जुना पिक्चर लावायचा, मध्यंतराला चहा आणि बटाटेवडे. तीसेक माणसं येतात. मी इथली ‘टेक्निकल डिपार्टमेंट’. एकदा प्रोजेक्टरची वायर निघाली होती, ती मी परत खोचली. तेवढ्या शिक्षणावर गेली अकरा वर्षं हे खातं माझ्याकडे आहे!

या रविवारचे जनक म्हणजे नाना. रिटायर्ड जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, पंचाहत्तरी केव्हाच ओलांडलेली, आवाज मात्र भर वेटिंग रूममधून पेशंटला हाक मारण्याचा. सुरुवातीला लहान मुलं बरोबर असायची, म्हणून नानांनी सेन्सॉरचं कामही स्वतःकडेच घेतलं. पडद्यावर दोन चेहरे जवळ येऊ लागले की नाना उठायचे आणि सर्जरीतून, म्हणजे त्यांच्या दवाखान्यातून, आणलेलं पुठ्ठ्याचं फोल्डर प्रोजेक्टरसमोर धरायचे. अंदाजानं दहापर्यंत आकडे मोजायचे, मग काढायचे.

मुलं मोठी झाली, युनिव्हर्सिटीत गेली, नोकऱ्यांना लागली. नानांचं फोल्डर चालूच! शेवटी एका रविवारी मागच्या रांगेतून आवाज आला, “नाना, आता काढा ते. मला दोन पोरं आहेत!”

*

आता नानांच्या एका खास पिक्चरबद्दल सांगते. नाव नाही सांगणार, कारण नाना आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, हेही ते कधी घेत नाहीत. त्यांच्या घरात त्याला ‘आपला पिक्चर’ म्हणतात.

नाना तेव्हा नागपूरला मेडिकलला होते आणि काकू म्हणजे त्यांच्या मित्राची धाकटी बहीण. तिघं मिळून एक हॉलिवूडचा वेस्टर्न बघायला गेले. मित्र मधे, हे दोघं दोन बाजूंना. त्या पिक्चरवरून अमेरिकेतच म्हणे मोठा गदारोळ झाला होता. रक्त फार, चुंबनं फार, शेरीफ लाच खातो, पाद्री खोटं बोलतो. आपल्याकडे पोचेपर्यंत त्यावर इतक्या कात्र्या चालल्या होत्या की कोण कुणावर का चिडलंय हे एकमेकांना विचारत बघावं लागायचं.

शेवटी दाढी पिकलेला तो बंदूकवाला गाव सोडायला निघतो. घोड्यावर बसतो. खानावळ चालवणारी विधवा दारात येते. तो मागे वळून बघतो... आणि खटकन ‘दि एंड’! दिवे लागले. लोकांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या आपटल्या. शेवटची चार मिनिटं सरळ कापली होती.

“गेला असणार,” नाना बाहेर पडता पडता म्हणाले.

“थांबला असणार,” काकू म्हणाल्या.

घरापर्यंत पायी वीस मिनिटं हेच. गेला, थांबला, गेला, थांबला. मित्र बिचारा मधे चालतोय, मान एकदा इकडे, एकदा तिकडे. घरात शिरल्या शिरल्या तो आईला म्हणाला, “ह्या दोघांचं लग्न लावून टाक. माझी मान धरली!”

*

लग्न झालं आणि दोघं इंग्लंडला आले. पहिल्याच हिवाळ्यात एका लहानशा थिएटरात ‘आपला पिक्चर’ लागलेला दिसला. नानांनी ड्यूटी बदलून घेतली. काकूंनी नव्या ओव्हरकोटाखाली ठेवणीतली साडी नेसली. आता इंग्रजांच्या देशात सगळं बघायला मिळणार!

इथल्या कॉपीत चुंबनं होती. मारामारी मात्र कापलेली. शेवट तोच, तो घोड्यावर, ती दारात, आणि ‘दि एंड’. चौकशी केल्यावर कळलं की तिकडे अमेरिकेतही बोंबाबोंब झाल्यावर स्टुडिओनंच शेवट उडवला होता.

नाना हे सांगताना अजून हात जोडतात. “मी चाळीस वर्षं डॉक्टरकी केली. तीन सर्जनांचं एकमत झालेलं कधी पाहिलं नाही. पण तीन देशांच्या कात्र्या बरोब्बर एकाच जागी!”

त्यांना पोरं झाली, पोरांना पोरं झाली. ‘आपला पिक्चर’वाला अजून घोड्यावरच.

*

मग काकूंच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. आधी वाचताना ओळी वाकड्या दिसायला लागल्या, मग मधले शब्द गळायला लागले. हॉस्पिटलच्या चकरा, डोळ्यात इंजेक्शनं. काकूंनी तक्रार केली नाही. नाना मात्र डॉक्टर असून, किंवा डॉक्टर असल्यामुळेच, अगदी गप्प झाले.

एका अपॉइंटमेंटला मी गाडी घेऊन गेले होते. कन्सल्टंट तरुण मुलगी, फार प्रेमळ. तिनं काकूंचा हात हातात घेऊन सांगितलं, की किती महिने मिळतील हे नक्की सांगता येत नाही, पण जे बघायचंय ते आता बघून घ्या. लोक नातवंडांकडे जातात, कुणी समुद्रावर जातं. तुम्हांला काय बघावंसं वाटतं?

काकूंनी क्षणभरही विचार केला नाही. इंग्रजीत म्हणाल्या, “एका माणसाला घोड्यावरून उतरताना.”

कन्सल्टंटनं नानांकडे बघितलं. नाना खाली बघत म्हणाले, “मी नव्हे. दुसरा आहे एक.”

हसलो आम्ही सगळे. पण कार पार्कमध्ये नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, “मेधा, तिचे डोळे जायच्या आत ती चार मिनिटं मिळाली पाहिजेत.” त्यांचा तो वेटिंग रूमचा आवाज त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे.

*

शोध सुरू झाला. ग्लासगोला नानांचे एक भूलतज्ज्ञ मित्र आहेत, भाऊसाहेब. ते फोनवर म्हणाले, “अरे, माझ्याकडे आहे! टीव्हीवर एकदा अख्खा दाखवला होता. मी टेप केलाय!”

आठ दिवसांनी पार्सल आलं. बबलरॅप, वर्तमानपत्र आणि आत व्हिडिओ कॅसेट. ती लावायला व्हीसीआर हवा. तो आमच्या दिलीपच्या लॉफ्टमध्ये मिळाला. दिलीप मंडळाचा सेक्रेटरी, कुठलीच वस्तू टाकत नाही.

रविवारी हॉल भरला. कॅसेट छान चालली. आणि खरंच, ह्यात जास्त सीन होते! शेवट आला. तो घोड्यावर बसला. ती दारात आली. तो मागे वळला. आणि ह्या वेळी ‘दि एंड’ आलं नाही! काकू खुर्चीच्या कडेवर सरकल्या. पडद्यावर घोड्याचा लगाम दिसला, त्यावर हात दिसला...

आणि एकदम सत्यनारायणाची पूजा!

भाऊसाहेबांचा ग्लासगोमधला दिवाणखाना, चौरंग, केळीचे खांब, सोवळ्यातले तरुण भाऊसाहेब. कोरी टेप मिळाली नाही म्हणून कुणीतरी हीच घातली होती. मग काकूंनी सवयीनं हात जोडले, आणि त्यांचं बघून सगळ्या हॉलनं. आरतीपर्यंत कुणी उठलं नाही.

नानांनी तिथूनच ग्लासगोला फोन लावला आणि मनसोक्त झापलं. भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मग हळूच विचारलं, “पण पूजा नीट दिसली ना?”

*

ही भानगड पुढे मिटवली इरानं. इरा ही नानांची नात, केंब्रिजला रिसर्च करते. जन्म इथलाच. तिनं आधी तो पिक्चर, म्हणजे कापलेला, लॅपटॉपवर बघितला. सुरुवातीलाच अख्खा पडदाभर सूचना होती. हिंसा, व्यसनं, शिव्या, मूळ रहिवाशांचं अपमानास्पद चित्रण, काय काय. नानांनी ती मोठ्यांदा वाचून काढली आणि म्हणाले, “अगं, एवढं सगळं आहे? आम्हांला तर काहीच दाखवलं नव्हतं!”

इरा हसली नाही. “आजोबा, ही पिक्चर खूप प्रॉब्लेमॅटिक आहे. ते नेटिव्ह लोक बघा ना, त्यांना एक लाइनपण नाहीये. ते फक्त पडतात.”

नाना काहीतरी बोलणार होते, पण काकूच म्हणाल्या, “खरं आहे तिचं. आम्ही तीनदा बघितला आणि एकदाही आमच्या ते लक्षात आलं नाही.”

तरी इरानंच शोधून काढलं की अमेरिकेत कुठल्याशा गोदामात त्या चार मिनिटांची मूळ फिल्म सापडलीय आणि पूर्ण पिक्चरची डिस्क निघणार आहे. दिलीपनं कमिटीत कुरकूर केली, की फॅमिली क्राउड असतो, वाद कशाला, थोडं एडिट करून दाखवू. इरा ट्रेननं केंब्रिजहून आली आणि कमिटीला म्हणाली, “दिलीपकाका, प्लीज कापू नका. मला ही पिक्चर आवडत नाही, पण कापू नका. पूर्ण दाखवा, आणि मग मला पाच मिनिटं द्या. मी सांगते मला काय आवडलं नाही.” कमिटीनं मान्य केलं. नाना त्या दिवशी तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होते, तशी नजर आपल्या आजोबांची आपल्यावर एकदा तरी पडावी असं मला वाटून गेलं.

पण डिस्क लांबली. एका सीनमध्ये घोड्याला पायात तार अडकवून पाडलाय, आणि ते इथल्या कायद्यात बसत नाही. तेवढा तुकडा काढून नव्यानं सर्टिफिकेट मिळेपर्यंत थांबणं आलं.

“वा!” नाना कडाडले. “तेवीस माणसं मेली तरी चालतात, एक घोडा चालत नाही!”

“घोडा वाचला ते बरंच झालं हो,” काकू म्हणाल्या. “त्याच्यावरून तो उतरला का, एवढंच बघायचंय मला.”

*

डिस्क आली तोवर पाच महिने गेले होते. काकूंना आता मधलं काही दिसत नव्हतं. माणसाकडे बघितलं तर चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग, आजूबाजूचं तेवढं दिसायचं. घरी टीव्हीजवळ बसून बघा असं इरानं सुचवलं. काकू म्हणाल्या, “आपला पिक्चर लोकांतच बघायचा. मी काय आजारी आहे?”

हॉल तुडुंब. ग्लासगोहून भाऊसाहेब आले होते, प्रायश्चित्त म्हणून. काकू पहिल्या रांगेत आणि शेजारी नाना, त्यांच्या कानात सगळं वर्णन करत. कानात म्हणजे, नानांच्या आवाजात! मागच्या रांगेपर्यंत कॉमेंट्री. आणि इतक्या वर्षांची सेन्सॉरची सवय अशी जाते का?

“आता शेरीफ त्याच्याशी चर्चा करतोय.”

धाड! धाड! धाड!

“चर्चा बरीच जोरात आहे हो,” काकू म्हणाल्या. हॉलभर हशा.

मग शेवट आला. तो घोड्यावर बसला. ती दारात आली. तो मागे वळला.

“उतरला,” नाना म्हणाले. आवाज एकदम लहान. “अगं, उतरला तो. तिच्याकडे चाललाय. तू म्हणत होतीस तेच. पायऱ्या चढतोय... तिनं त्याचा हात धरलाय.”

काकूंनी नानांचा हात धरला. मी प्रोजेक्टरपाशी उभी होते, मला समोरचं धूसर दिसायला लागलं, आणि माझे डोळे तर चांगले आहेत.

आणि धाड! एकच गोळी. पायरीवर तो कोसळला. खानावळवाली त्याचं डोकं मांडीवर घेऊन खाली बसली. आम्ही सगळ्यांनी बघितलं.

“काय झालं?” काकूंनी विचारलं. “कुणाला लागली?”

नाना पडद्याकडून काकूंकडे वळले. मग घसा खाकरून म्हणाले, “दाराला. दाराला लागली. ते दोघं आत गेले.”

साठ माणसं होती त्या हॉलमध्ये. एकानं तोंड उघडलं नाही. भाऊसाहेबांनी तर डोळे मिटून घेतले. इरा पाच मिनिटं बोलायला उठली होती, ती आजीकडे बघून परत खाली बसली.

“म्हणजे थांबला,” काकू म्हणाल्या.

“थांबला,” नाना म्हणाले. “माझं चुकलं.”

मग चहा झाला, वडे झाले, इराही शेवटी बोलली आणि छान बोलली. नाना सगळ्यांचा निरोप घेत दारात रेंगाळले होते, तेवढ्यात मी काकूंना गाडीत नेऊन बसवलं. सीटबेल्ट लावायला वाकले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

“मेधा, त्याची टोपी घरंगळत पडद्याच्या पार कडेला आली होती गं. बराच वेळ तिथेच पडून होती, कुणी उचलली नाही. दिसली मला.”

मी दुसऱ्या हातानं बेल्ट लावला.

“ह्यांना सांगू नकोस हं,” काकू म्हणाल्या. “किती घाईघाईनं वाचवलं त्यांनी त्याला!”