अक्काने ताणून धरलं म्हणून…

अक्का पहाटे झोपेतच गेली, असं तिच्या मुलाने आमच्या शेजाऱ्यांच्या फोनवर कळवलं. धुळ्याहून जळगावला पोचेपर्यंत मी रडले नाही. दहाव्याला डोळे भरून आले, पण रडू फुटायच्या आत राग आला. गिरणा नदीच्या काठावरून परतताना आमच्या नात्यातले एक गृहस्थ शेजारून चालत होते. हळहळल्यासारखा आवाज काढून म्हणाले, "बाई तशी चांगली होती हो. पण त्या धुळ्याच्या प्रकरणात फार ताणून धरलं तिने. शोभलं नाही." दहाव्याचा दिवस, मी पावलं उचलून पुढे निघाले. आता महिना होत आला. ते वाक्य डोक्यातून जात नाही. कोणी ताणलं आणि काय ताणलं, ते एकदा नीट सांगितलंच पाहिजे.

अक्का माझी थोरली बहीण. दाजी अचानक गेले तेव्हा तिच्या पदरात एक मुलगा होता आणि घरात एक शिलाई मशीन. जळगावच्या पिंप्राळ्यात तिने परकर शिवायला सुरुवात केली, मग शेजारच्या दोघी आल्या, मग आणखी काही. मागची खोली मशीनांनी भरली. दुपारी त्या खोलीत शिरलं की घरघरीत साधं बोलणं ऐकू येत नसे. बायका ओरडून बोलायच्या आणि ओरडूनच हसायच्या. एका उन्हाळ्यात धुळ्याचा तयार कपडे विकणारा एक शेठ तिच्या दारात आला. त्याचं नाव मी लिहीत नाही. धुळ्यात ज्यांना माहीत आहे त्यांना आहेच. शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर, कापड अक्काने घ्यायचं, शिलाई तिची, शाळा सुरू झाल्या की पैसे. अक्काने जळगावच्या एका व्यापाऱ्याकडून कापड उधारीवर उचललं. मे महिन्यात पत्र्याखाली बसून त्या बायकांनी शर्ट आणि चड्ड्या शिवल्या. घाम कापडावर पडू नये म्हणून कपाळाला फडकी बांधून शिवायच्या.

माल वेळेवर गेला. जूनमध्ये माझ्या मुलासाठी मी शेठच्याच दुकानातून गणवेश घेतला, पूर्ण भावाने, कारण बहिणीची शिवण म्हणून मला कौतुक. जुलैत अक्का पैशाला गेली तर शेठ म्हणाला, "माल खराब निघाला. गिऱ्हाइकं परत करताहेत." आमच्या गल्लीतली निम्मी पोरं तेव्हा अक्काने शिवलेल्या चड्ड्या घालून शाळेत जात होती!

अक्काने बांगड्या मोडून त्या व्यापाऱ्याची उधारी फेडली. चार मशीनं विकून बायकांना निम्मी मजुरी दिली, आणि जळगावच्या कोर्टात दावा लावला. तो काही वर्षं चालला. माझ्या मुलाचा तो गणवेशही तिने कोर्टापुढे ठेवला. तोवर तो त्याला आखूड झाला होता, पण एक टाका उसवलेला नव्हता. न्यायाधीशांनी खिसा उलटा करून बघितला. निकाल अक्काच्या बाजूने लागला. मुद्दल, व्याज, खर्च, सगळं शेठने द्यायचं. अक्काने पेढे वाटले… मला अजून त्या पेढ्यांचं वाईट वाटतं.

कारण खरं प्रकरण पेढ्यांनंतर सुरू झालं. निकालाचा कागद हातात असला तरी पैसे आपणच वसूल करायचे असतात, त्यासाठी पुन्हा कोर्टात दरखास्त लावायची असते, हे आम्हाला कुठे माहीत होतं? शेठचं सगळं धुळ्याला, म्हणून दरखास्त धुळ्याला आली. दर तारखेला अक्का पहाटेची एस.टी. धरून यायची, माझ्याकडे भाकरी खायची आणि कोर्टात जाऊन बसायची. बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन परत.

जप्तीचा हुकूम निघाला त्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. कोर्टाचा बेलिफ पुढे, आम्ही दोघी मागे. दुकान तेच, गल्ला तोच, गल्ल्यावर शेठ तोच. पाटी तेवढी नवीन. दुकान सुनेच्या नावावर, घर बायकोच्या, घरातलं कपाट आणि टीव्ही मेहुण्याचे! सगळ्याचे कागद तयार. बेलिफने मान खाली घालून पंचनामा लिहिला. शेठने आमच्यासाठी चहा मागवला. वर हसून म्हणाला, "अक्का, कोर्टाने निकाल दिलाय. पैसे थोडेच दिलेत?" अक्काने चहाला हात लावला नाही. बाहेर आल्यावर ती आमच्या माहेरच्या बोलीत बोलली. फार चिडली की ती अहिराणीत यायची. "बठ्ठा पैसा लिसू, शोभा. एक रुपया सोडाव नही." बठ्ठा म्हणजे सगळा, एकूण एक.

मग सुनेची हरकत, मेहुण्याची हरकत. त्यांच्या सुनावण्या, त्यांची आजारपणं, त्यांच्या वकिलांची लग्नकार्यं… शेठने कोर्टात शपथेवर सांगितलं, माझ्याजवळ काही नाही, मी सुनेच्या दुकानात बसून दिवस काढतो. आणि त्याच वर्षी त्याच्या घरावर दुसरा मजला चढला. मी त्याच गावात राहते. लग्नात भेटायचा, भाजीबाजारात भेटायचा. हात जोडून विचारायचा, "काय म्हणते अक्का? तब्येत सांभाळायला सांगा." त्याच्या त्या जोडलेल्या हातांची मला आजही शिसारी येते.

अक्काच्या लक्षात एक गोष्ट आली. पैसे असून मुद्दाम देत नाही असं दाखवता आलं, तर कोर्ट त्याला दिवाणी कैदेत टाकू शकतं. पुरावा शोधत ती शेठ जायचा त्या देवळात गेली. तिथे नव्या सभामंडपात देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या होत्या, आणि दुसऱ्याच पाटीवर शेठचं नाव, रक्कम आणि तारीख. शपथेनंतरची. देवाला दिलेलं लपवता येत नाही, उलट कोरून घ्यावं लागतं! अक्काने फोटोग्राफर नेऊन फोटो काढला, देवळाच्या पुजाऱ्याला साक्षीला आणलं. न्यायाधीशांनी फोटो शेठसमोर धरला आणि विचारलं, "हे नाव तुमचंच ना?" शेठ पहिल्यांदा हसला नाही.

अटकेचा हुकूम झाला. आणि कारकून अक्काला म्हणाला, "बाई, त्याच्या जेवणाचा भत्ता तुम्हाला भरावा लागेल." तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण कायदा तसाच. ज्याने बुडवलं तो आत बसणार आणि ज्याचं बुडालं त्याने त्याला जेवू घालायचं. अक्का कारकुनाच्या खिडकीशी सरकली. मग कनवटीची पिशवी सोडून तिने पैसे मोजले आणि म्हणाली, "भरते. पण त्याला सांगा, घास माझा आहे."

त्या संध्याकाळी अक्का माझ्याकडेच मुक्कामाला होती, तेव्हा समाजातले चौघे आले. सगळ्यात वडील ते नाना, सगळे त्यांचा मान राखायचे. अक्काला म्हणाले, "पोरी, शेठच्या मुलीचं लग्न ठरलंय. बाईमाणसाने गड्याला कैदेत टाकायचं? निम्मे घे आणि मिटव." माझ्या यजमानांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. अक्का भिंतीला टेकून बसली होती, ती सरळ झाली. "नाना, तुम्हाला मी मानते. माझ्याकडे शिवायला येणाऱ्या सुमनचंही लग्न ठरलं होतं, तेव्हा तुम्ही शेठकडे का गेला नाहीत?" नाना म्हणाले, "ती गोष्ट वेगळी." अक्का म्हणाली, "वेगळी कशी, ते सांगा. मी बसलेय." नानांनी चहाचा कप उचलला. चहा संपवून चौघे गेले.

दुसऱ्या दिवशी बेलिफने शेठला गल्ल्यावरून उठवलं. कोर्टाच्या आवारात तो पोचतो न पोचतो तोच त्याचा मुलगा स्कूटरवरून पैशांची पिशवी घेऊन आला. मुद्दल, व्याज, खर्च, सगळं. इतकी वर्षं नसलेला पैसा तेवढ्यात जमला! म्हणजे तो होताच. सगळा वेळ तिथेच, त्या गल्ल्याच्या मागे होता. व्याज सोडा, असं त्याच्या वकिलाने दोनदा सुचवून पाहिलं. अक्काने नुसती मान हलवली. मला वाटलं, आता तरी ती हसेल. ती माझ्या घरी आली आणि म्हणाली, "आनंद कसला शोभा? माझं होतं ते आलं." पण डोळे लाल होते.

पिंप्राळ्याच्या खोलीत बायकांना बोलावून तिने उरलेली मजुरी दिली, व्याजासकट. सुमन आली नाही. तिचं लग्न पैशापायी मोडलं होतं, पुढे एका बिजवराला दिली, आणि क्षयाने ती गेली होती. अक्का तिच्या गावी जाऊन तिच्या आईच्या हातात पैसे ठेवून आली. आई म्हणाली, आता काय करू यांचं? एकजण नवऱ्याबरोबर सुरतेकडे गेली होती. अक्का रेल्वेने सुरतेजवळच्या उधन्याला जाऊन गिरण्यांमागच्या चाळी पालथ्या घालून तिला शोधून पैसे देऊन आली. त्या बाईला आपले पैसे राहिलेत हेही आठवत नव्हतं. आणि लोक म्हणतात, ताणून धरलं. नसतं धरलं तर सुटलं असतं कोणाच्या बाजूला, हे कोणी विचारत नाही.

मागच्या आठवड्यात मी ती खोली आवरायला गेले. मशीनांवर चादरी टाकत होते तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. एरंडोलहून आलेली, उन्हाने चेहरा रापलेला. "अक्का शे का घरमा?" अक्का गेल्याचं मी सांगितलं. ती उंबऱ्यावरच बसली. तिचा दुधाचा धंदा, डेअरीवाल्याने बुडवलेला, कोर्टाचा निकाल तिच्या बाजूने, हातात पैसा नाही. तिला कोणीतरी अक्काचं नाव सांगितलं होतं. असं किती जणींना सांगितलं गेलं, अक्का किती जणींबरोबर कोर्टात जाऊन बसली, मला ठाऊक नाही. बाई म्हणाली, "आते मी कोनले इचारू?"

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. एका मशीनवरची चादर पुन्हा काढली आणि समोरच्या स्टुलावर बसले. म्हटलं, "सावकाश सांगा. पुढची तारीख कधी आहे?"