स्थानिक नाव : नाही

आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांचं जुनं कपाट आहे. काल त्यातलं एक निळं फूल मी एमएस्सीच्या वर्गाला दाखवलं. खाली कुणा गोऱ्या साहेबाच्या अक्षरात नोंद होती : ‘स्थानिक नाव : नाही’. दरवर्षीसारखं तेच मी फळ्यावर उतरवलं.

मागच्या बाकावरून सातपुड्यातली एक मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, ही झिमरी. आमच्या पाड्यावर बांधाबांधाला असते. आईनं माझं नाव हिच्यावरूनच ठेवलंय.”

नाही म्हणे! साहेबानं कुणाला विचारलंच नसेल. पण मी? दोन वर्षं रोज हजेरीला मी ‘झिमरी’ पुकारतेय, आणि ती रोज उठून ‘हजर, मॅडम’ म्हणतेय.