सहा वाजता कपाट ओरडलं

सांगतो, पण आधीच बजावून ठेवतो. मध्ये कुणी हसायचं नाही. हसलात तर चहा अर्धा टाकून उठेन. माझं डोकं किती तापट आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि त्या टायमरचं नाव निघालं की ते अजूनही भडकतं. इतक्या वर्षांनीसुद्धा!

आम्ही तेव्हा सूरतला भेस्तानात राहायचो. मी, बायको सरला, धाकटी बहीण मंगल आणि आमचे वडील, आबा. मूळचे खानदेशातले, कापडाच्या लूमच्या धंद्यापायी तिकडे गेलेले. मी कतारगामच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिक फिटर होतो. पाळी सहा ते सहा. पहाटे पावणेपाचला सायकलवर टांग मारायची आणि संध्याकाळी सातनंतर घरी उगवायचं.

आमच्याकडे नळ यायचा सकाळी सहाला. वीस-पंचवीस मिनिटं, बस्स. तेवढ्यात मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायची. संध्याकाळी सहाला पुन्हा थोडं पाणी यायचं, पण खरा भरवसा सकाळचाच. काम काय? एक बटण दाबायचं! पण मी घराबाहेर पडलो की ही तिन्ही माणसं पुन्हा पांघरूण ओढून घ्यायची. मी संध्याकाळी ग्रीसने माखलेला घरी येतो, तर टाकीत आंघोळीपुरतं पाणी नाही! सांगा, माणूस ओरडेल नाहीतर काय आरती करेल?

मी ओरडायचो. रोज ओरडायचो. एक दिवस घसा बसला, तेव्हा मनात आलं, मी कारखान्यात एवढ्या यंत्रांना शिस्त लावतो, घराला का लावू नये?

कारखान्यात एक जुना टायमर भंगारात पडला होता. लूमना ठरल्या वेळी तेल सोडायला तो वापरायचे. फिरती तबकडी, तिच्या कडेला खुंट्या. ज्या आकड्यावर खुंटी लावाल त्या वेळी वीज चालू, वीस मिनिटांनी आपोआप बंद. शेठला विचारून तो मी घरी आणला.

सोमवारी पहाटे निघण्यापूर्वी सगळी जोडणी पुरी केली. सहाच्या आकड्यावर खुंटी. सहा वाजले की मोटर सुरू, बाहेरच्या खोलीतला दिवा सुरू आणि कपाटातला टेपरेकॉर्डर सुरू. टेपमध्ये काय? अहो, माझा आवाज! यांना नुसत्या दिव्याने जाग येते होय? आदल्या दिवशी एक कोरी कॅसेट घेऊन मी दोन्ही बाजूंनी स्वतःचं ओरडणं भरलं होतं. तासभर! एकदाही अडखळलो नाही.

सरला दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "कागदवर लिखेल शे का हाई?"

"लिहायला कशाला पाहिजे? तुम्ही दिलेलंच सगळं आहे पोटात!"

टेप एक बाजू संपली की आपोआप उलटणारा होता. त्यामुळे रोज वीस-वीस मिनिटं नवी बोलणी. शिवाय कुणी हात लावू नये म्हणून टायमर, टेप, मोटरचं बटण, सगळं त्या कपाटात घालून कुलूप ठोकलं. किल्ली कारखान्याच्या जुडग्यात, ते तिथेच राहायचं. बसा आता बोंबलत!

आणि काय सांगू, सुतासारखं सरळ झालं घर! संध्याकाळी आलो की टाकी भरलेली, घरात शांतता. कुणी उलटून बोलत नाही. कुणी माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मला वाटलं, ही शिस्त.

त्याच रविवारी मंगलला बघायला नंदुरबारची मंडळी यायची होती. आता हे नीट ऐका, कारण सगळं याच्यावर अडलं होतं. हे तिसरं स्थळ. आधीच्या दोघांना पोरगी आवडली होती, पण दोन्हीकडून एकच निरोप आला, मुलीचा भाऊ फार संतापी आहे, अशा घराशी सोयरीक नको. मंगल पंचविशीला टेकलेली. दुसरा निरोप आला त्या दिवशी ती मोरीत नळ सोडून रडली होती, आपलं रडणं मला ऐकू जाऊ नये म्हणून. मला ते ऐकू गेलं होतं. तेव्हा मी आबांच्या पायाला हात लावून शपथ घेतली होती, या वेळी पाहुण्यांसमोर आवाज चढवणार नाही.

रविवारी सकाळी सहाला टेप वाजला. मी पडल्या पडल्या ऐकला, समाधान वाटलं. दिवसभर एकच हुकूम, "आज पाण्याला कुणी हात लावायचा नाही! पाहुण्यांना कमी पडता कामा नये!" सगळ्यांची दिवसभर पंचाईत झाली, पण टाकी काठोकाठ राहिली.

पाचला पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि आई. मुलगा शाळेत क्लार्क, साधा, मान खाली घालून बसणारा. आई मात्र बघताक्षणी ओळखू आली. घर चालवणारी बाई. तिचे डोळे भिंतीवरून, पडद्यावरून, माझ्यावरून फिरत होते.

मी असा गोड बोललो, असा गोड बोललो, की सरलाने दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं. मंगल पोहे घेऊन आली. मी म्हणालो, "आमची मंगल म्हणजे पहाटे पाचला उठणार! घरात कुणाला हाक मारायची वेळ येत नाही. आवाज म्हणून नाही आमच्या घरात."

मुलाची आई म्हणाली, "खरंच?"

"देवाशपथ!"

आणि सहा वाजले.

कपाटातून मी ओरडलो. "मंगल! उठस का नही? सूर्य डोकावर उना! सासरी गयी म्हंजे सासू झिंज्या धरीसन उठाडी तुले!"

पोह्यांचा चमचा मुलाच्या तोंडाशीच थांबला. त्याच्या वडिलांनी कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कपाटाकडे. माझं तोंड तर मिटलेलं होतं!

"आबा! ती बिडी पह्यले फेका! सरला! हाऊ चहा शे का फडकं धुयेल पानी?"

मी उडी मारून कपाटापाशी गेलो. कुलूप! किल्ली कतारगामला! मी कपाटावर बुक्क्या मारल्या, तर आतला मी आणखी जोरात बोलायला लागला. तेवढ्यात भरलेल्या टाकीवर मोटर चढली होती. धो धो पाणी गच्चीवरून दाराबाहेरच्या ओट्यावर कोसळायला लागलं, आणि ओट्यावर कोण? पाहुण्यांच्या चपला! मुलाच्या वडिलांची नवी कोरी कोल्हापुरी पायऱ्यांवरून गटाराकडे निघाली.

शपथ? कसली शपथ! माझं डोकं फुटायचं बाकी होतं. "सरला! पाना कुठेय? कुणी हात लावला या मशीनला? मंगल, बघत काय उभी राहिलीस? आबा, तुम्ही तरी हला!"

आत मी, बाहेर मी. दोघंही त्याच तिघांवर, त्याच शब्दांत. मुलाचे वडील बिचारे गोंधळून कधी याच्याकडे बघून मान डोलवत होते, कधी त्याच्याकडे.

इतक्यात शेजारच्या हंसाबेन भिंतीवरून डोकावल्या. "अरे भाई, रोज सांजे तो सांभळीए ज छीए! आजे रविवारे तो रजा राखो!"

रोज? रोज संध्याकाळी ऐकताहेत?

आबा शांतपणे उठले. मीटरपाशी जाऊन त्यांनी फ्यूज ओढला. टेप थांबला, मोटर थांबली, पंखासुद्धा थांबला. घरात फक्त ओट्यावरून गळणाऱ्या पाण्याचा आवाज.

आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. त्या तबकडीवर आकडे होते बाराच! कारखान्यात दिवस आणि रात्र असं काही नसतंच मुळी. बारा तासांची एक पाळी, बारा तासांची दुसरी. पहिल्या पाळीला सहाला तेल, दुसऱ्या पाळीला सहाला तेल. तिथे बारा आकडे पुरतात. आयुष्य असं बारा-बारा तासांत कापून जगलेला मी गाढव! घरात संध्याकाळचे सहासुद्धा वाजतात हे मला सुचलंच नाही. आणि रोजच्या त्या सहाला मी असायचो कतारगामला, मग कळणार कसं?

पण स्वतःची चूक लगेच कबूल करेन तर तो मी कसला! मी गरजलो, "सहा दिवस हा रोज दोनदा वाजतोय आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही फुटला? का नाही सांगितलं मला?"

  आबा बोलले, अगदी साध्या आवाजात, कसलाही टोमणा न मारता.

"आमले वाटनं, तू कामवर ऱ्हास तवय घरमा वरडानं ऱ्हाई जावाले नको, म्हनीसन तूच तसं लायेल शे."

कुणी हसलं असतं तर मी भांडलो असतो. कुणीच हसलं नाही. तिघांनाही ते खरंच वाटलं होतं! सहा दिवस ही माणसं संध्याकाळचा चहा पीत माझ्या शिव्या ऐकत बसली, कारण त्यांच्या मते मी असा माणूस होतो. संताप आला, लाज वाटली, आणि त्या लाजेचासुद्धा संताप आला.

मी मटकन खुर्चीत बसलो. गेलं, हेही स्थळ गेलं! मंगलचे डोळे भरलेले मला दिसत होते. मुलाचे वडील एकाच चपलेत दारात उभे. आता उठतील आणि चालू लागतील.

मुलाची आई उठली खरी, पण दाराकडे गेली नाही. मंगलपाशी गेली. तिची हनुवटी वर करून विचारलं, "सहा दिवस रोज दोनदा ऐकं तू हाई?"

मंगल म्हणाली, "दोनदा मशिननं. सातनंतर भाऊनं येगळं."

बाई वळली आणि नवऱ्याला म्हणाली, "तारीख काढा. पोर पसंद शे. सासू कितलीबी कडक ऱ्हाऊ द्या, हिले माहेरपेक्षा बरंच वाटी!"