केनियाची पाहुणी

कशेळ्याजवळच्या सोनुबाईला बिनधुराच्या चुली घालायचं वेड होतं. रानातली तोड कमी व्हावी म्हणून ती घरोघरी जाऊन चिखल तुडवी. १९८६ साली केनियाहून एक पाहुणी या चुली बघायला आली. दुभाष्याकरवी ती म्हणाली, "आमच्याकडेही रान सरलं, तसा पाऊस पळाला."

"म्हंजे दुखणं एकच हाय गं आपलं!" असं म्हणत सोनुबाईनं तिला शेजारीच बसवलं. सोनुबाई घालत होती त्या नव्या, ओल्या चुलीचं तोंड पाहुणीनं थोडं अरुंद केलं. चूल वाळल्यावर भाकऱ्या भाजल्या, तर लाकडं आणखी कमी लागली. सोनुबाईनं हसतहसत स्वतःची चूल मोडली आणि हाक दिली, "बायांनो, या गं, आता अशी घालू!"