आणखी एक रॉड

भूजल खात्यातल्या त्या बाई दर हंगामाला कर्जतजवळच्या आमच्या गावात विहिरींची पातळी मोजायला येतात. टेपवरचा आकडा दोनदा मोठ्यानं वाचतात, मगच लिहून घेतात. आमच्या शाळेच्या बोअरसाठी त्यांनी जमिनीत सळया ठोकल्या, त्यांतून वीज सोडून खालचा खडक तपासला आणि नेमकी सगळ्यात कोरड्या माळावरची जागा दाखवली. लोक हसले. बोअर घेताना नुसती धूळच उडत राहिली.

"बाई, हितं पानी न्हाई," मशीनवाला म्हणाला.

"खाली भेगांचा खडक आहे. आणखी एक रॉड उतरवा."

रॉड उतरला आणि पाण्याचा फवारा आभाळात उसळला. सगळं गाव ओरडत सुटलं. बाईंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि त्या गढूळ पाण्याखाली हात पसरून, खदाखदा हसत उभ्या राहिल्या.