ऋषीच्या भाजीतला पेवा

आषाढ संपत आला होता. सकाळच्या गाडीने कल्याणहून ताईच्या घरचा गडी आला आणि दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना, तेव्हाच मी काय ते समजलो. थोड्याशा तापाचं निमित्त होऊन माझी थोरली बहीण यमुना गेली होती. त्याला आता महिना उलटला. तिच्याविषयी लिहायला बसलो आहे खरा, पण ती काही कोणी मोठी बाई नव्हती. तिला फक्त एक खोड होती. दिसेल त्या गोष्टीला ती ‘असं का?’ म्हणून विचारायची. जातं उलटं का फिरवत नाहीत, खाडीचं पाणी येतं तसं परत का जातं... वडील एकदोन प्रश्नांना उत्तरं देत आणि मग तिला आईकडे स्वयंपाकघरात धाडत. ती निमूट जायची आणि तेच आईला विचारायची.

लग्न होऊन ती कल्याणला गेली तरी खोड सुटली नाही. तिचे यजमान शाळामास्तर, स्वभावाने गाय. पण त्यांचं सगळं ज्ञान पुस्तकातलं, आणि ताईचे प्रश्न नेमके पुस्तकाबाहेरचे. एकदा पावसाळ्यात आम्ही सगळे बैलगाडीतून मलंगगडाच्या बाजूला गेलो होतो. ओढ्याकाठी माणसाच्या उंचीची झाडं दाटीने उभी होती. टोकाला लालभडक बोंड आणि त्यातून बाहेर आलेलं एकेक पांढरं फूल, तलम कापडाचं केल्यासारखं. ताईने गाडी थांबवायला लावली. गाडीवान आगरी होता. तो म्हणाला, “पेवा हाय तो, बाय. रानान कवरा बी मिलंल.” रानात हवं तेवढं मिळणाऱ्या झाडाचं त्याला नवल वाटेना आणि ताईची नजर हलेना. फुलापेक्षा तिचं लक्ष दांड्याकडे होतं. पेव्याची पानं समोरासमोर येत नाहीत, दांड्याभोवती जिना चढावा तशी वळत वर जातात. ताईने जवळजवळचे दोन दांडे धरून पाहिले. एकाचा जिना उजवीकडे वळत होता, दुसऱ्याचा डावीकडे. “एकाच मातीत उभे आहेत रे हे... मग असं का?” मी कचेरीत कारकून. मी काय सांगणार?

गाडीवानाने काढून दिलेला कंद ताईने ओल्या फडक्यात बांधून घरी आणला आणि परसात विहिरीच्या पाटाजवळ लावला. तिच्या सासूबाईंना, भागीरथीकाकूंना, ते मुळीच रुचलं नाही. रानातलं झाड दारी आणलं की पाठोपाठ जनावर येतं, ही त्यांची पक्की समजूत. जनावर म्हणजे साप. शेवटी ठरलं ते असं, की पावसाळा संपेपर्यंत राहू दे, काही उपयोगाचं निघालं नाही तर उपटून टाकायचं. ताईला वाटलं, फूल आलं की काकू विरघळतील. तिला तर ते फूल उमलतानाच पाहायचं होतं. त्या घट्ट लाल खवल्यांतून एवढं नाजूक पांढरं काही बाहेर येतं कसं, याचा तिने ध्यास घेतला होता.

पण श्रावण गेला तरी बोंड धरलं नाही, आणि भाद्रपदात ऋषिपंचमी आली. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. काकूंचं व्रत कडक. त्या दिवशी सकाळी ताई विटाळशी म्हणून बाजूला बसलेली होती. काकूंनी परसात फिरून अळू, माठ, भेंडी गोळा केली आणि त्यांची नजर पेव्यावर गेली. ज्याच्या कुळाला कधी नांगर लागलेला नाही असं परसातलं सर्वांत निर्मळ झाड तेच. त्यांनी त्याचे सगळे कोवळे शेंडे खुडले आणि भाजीत घातले.

ताईला कळलं तेव्हा भाजी पानात पडली होती. तिने ती निमूट संपवली, आणि यात एक गंमत झाली. ऋषींच्या मुखी लागलेलं झाड आता उपटणार कोण? काकूच येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगू लागल्या. पेवा राहिला. मात्र दर ऋषिपंचमीला त्याचे शेंडे खुडले जाऊ लागले, आणि फुलाचं नाव नाही. मी एकदा ताईला म्हटलं, काकूंना सांगून का टाकत नाहीस? ती हसून म्हणाली, “भाजी आहे म्हणून झाड आहे रे. उगाच बोलून बसायचं आणि दोन्ही जायचं.”

गेल्या वर्षी तिने त्यातला एक कंद मला दिला. इथे कोपरीला माझ्या अंगणात त्याला गणपतीच्या सुमारास बोंड आलं. पण तिच्या घरी गौरीगणपती, तिला निघणं शक्य नव्हतं. मी फुलासकट दांडा कापून गाडीने कल्याणला नेला. पोचेपर्यंत फूल मलूल होऊन गळून गेलं होतं, नुसतं बोंड उरलं होतं. “उमलताना पाहिलंस?” तिने विचारलं. मी उठलो तेव्हा ते उमललेलंच होतं. तिने बोंड हातात फिरवून फिरवून पाहिलं. “पुढल्या वर्षी तुझ्याकडे येऊन राहीन,” म्हणाली.

परवा, ऋषिपंचमी होऊन गेल्यावर, मी काकूंना भेटायला गेलो. या वर्षी घरात सण नव्हते, पण काकूंचं व्रत चुकत नाही. परसात गेलो तर पेवा शेंड्यांसकट उभा, आणि त्याला लाल बोंडं. मी पाहतच राहिलो. काकू मागून आल्या आणि पाटाच्या काठावर बसल्या.

“खुडायला गेले होते. हात चालेना,” त्या म्हणाल्या. “भाजी करायची कोणासाठी? यमुनेला इतकी आवडायची. पानात आधी तीच संपवायची, वर पुन्हा मागून घ्यायची. मला मेलीला बेचव लागते ती. तिच्यासाठी करत होते.”

खरं सांगावं की नाही, कळेना... शेवटी सांगितलं. ताईला भाजी नको होती, फूल उमलताना पाहायचं होतं. काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या, बोंडाजवळ वाकल्या आणि एकेका खवल्यावर बोट ठेवून पाहू लागल्या. “कालचं फूल इथून आलं होतं, आजचं इथून. मग उद्याचं कुठून येईल रे?”

संध्याकाळच्या गाडीने परतायचा बेत मी सोडून दिला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत काकूंनी मला हाक मारून उठवलं. परसात पेव्यासमोर त्यांनी बसायला दोन पाट आधीच मांडून ठेवले होते.